चादरीच्या टोकाखालचा पिवळा त्रिकोण

नवजात बाळाची कावीळ वाढली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. बघून आजीचा जीव खालीवर होतो. या उपचाराची सुरुवात झाली ती इंग्लंडमधल्या एका परिचारिकेच्या चौकस नजरेमुळे.

एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. मोकळी हवा आणि ऊन यांवर त्यांचा भारी विश्वास. हवा चांगली असली की त्या नाजूक बाळांनाही अंगणात नेत. १९५६ साली फेरीवरच्या डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं, जरा बिचकतच. अंगाचा पिवळेपणा ओसरला होता. फक्त एक त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता. तिथे चादरीचं टोक आलं होतं!

पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, घटलेलं आढळलं. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर शोधनिबंध आला. लेखकांत सिस्टर वॉर्ड नव्हत्या, हे खटकतंच.

निळा प्रकाश बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडतं. ते मेंदूत साचलं तर कायमची इजा होऊ शकते. पूर्वी तीव्र काविळीत बाळाचं रक्तच बदलावं लागे. प्रकाशोपचारामुळे ती वेळ आता क्वचित येते.

मात्र घरातल्या कोवळ्या उन्हावर विसंबू नका. बाळ पिवळं दिसलं, दूध ओढेनासं झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.