मोहोर डेबियनची, वाहतूक दुसऱ्याची

डेबियन लिनक्सच्या टर्मिनलवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ असं लिहून एंटर दाबलं की चार-सहा ओळी भराभर सरकतात. जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच पत्ता असतो: डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग. वापरणाऱ्याचं त्याकडे क्वचितच लक्ष जातं. या नावाचा एकच एक सर्व्हर मात्र जगात कुठेही नाही. पुण्यातून मागणी गेली तर उत्तर बहुधा मुंबईतल्या यंत्राकडून येतं, जर्मनीतून गेली तर तिथल्याच एखाद्या यंत्राकडून. शिवाय ही यंत्रं डेबियनच्या मालकीची नाहीत. ती फास्टली या अमेरिकी कंपनीची आहेत.

डेबियन ही कंपनी नव्हे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला हा स्वयंसेवकांचा प्रकल्प. २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजं, म्हणजे उतरवून घेता येणारे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. एवढा पसारा जगभर पोहोचवायचा तर आधी एकच मार्ग होता: मिरर. विद्यापीठं, संशोधन संस्था, इंटरनेट पुरवठादार आपल्या डिस्कवर सगळ्या संग्रहाची प्रत ठेवत. आयआयटी कानपूरनेही असा मिरर चालवला. मूळ संग्रह दिवसातून चार वेळा ताजा होतो आणि मिरर त्याच्यामागून स्वतःला ताजे करून घेतात. ही व्यवस्था निव्वळ सद्भावनेवर उभी राहिली आणि टिकली, याचं कौतुक कमीच झालं आहे.

अडचण होती ती निवडीची. कुठला मिरर घ्यायचा, हे इन्स्टॉल करणाऱ्याने ठरवायचं. आज वेगवान असलेला मिरर सहा महिन्यांनी मागे पडे किंवा बंदच होई. मग डेबियनच्याच एका विकासकाने मागणी आली की जवळच्या, ताज्या मिररकडे वळवून देणारी सेवा उभारली. कल्पना चांगली होती. पण वेगवेगळ्या फायली वेगवेगळ्या मिररवरून येत, आणि दोन मिरर एकाच क्षणी सारखेच ताजे असतील याची खात्री कोण देणार?

२०१६ मध्ये डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग सीडीएनवर, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्कवर, आलं. सुरुवातीला फास्टली आणि ॲमेझॉनचं क्लाउडफ्रंट अशा दोघांनीही हा भार उचलला. सीडीएन सगळा संग्रह आधीच उतरवून ठेवत नाही. कुणी पहिल्यांदा एखादी फाइल मागितली की ती मूळ सर्व्हरवरून आणायची, देताना एक प्रत स्वतःकडे, म्हणजे कॅशमध्ये, ठेवायची आणि पुढच्या माणसाला त्या प्रतीतूनच द्यायची. प्रत जवळ असण्याला महत्त्व आहे, कारण मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. अपडेटमध्ये बारीकसारीक फायली पुष्कळ असल्या की असे हेलपाटे साचत जातात. त्यामुळे लाइन कितीही जाड असली तरी अंतर जाणवतंच.

सगळी गंमत आहे ती प्रत किती काळ ठेवायची यात. डेबियनच्या संग्रहाचे दोन मोठे भाग आहेत. ‘पूल’मध्ये प्रत्यक्ष पॅकेजं असतात. फाइलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असल्यामुळे एकदा आलेली फाइल पुन्हा बदलत नाही. दुरुस्ती झाली की नव्या नावाची नवी फाइल येते. म्हणून कॅशमधली प्रत कितीही दिवस बिनधास्त ठेवता येते. ‘डिस्ट्स’मध्ये याद्या असतात. त्यांचं नाव तेच राहतं, आतला मजकूर मात्र बदलत राहतो.

जुन्या लिनक्सकरांना ‘हॅश सम मिसमॅच’ ही चूक आठवत असेल. मुख्य यादी ताजी आली आणि तिच्यात उल्लेख असलेली पॅकेजांची यादी कॅशमधून शिळी आली, तर दोघींचा मेळ बसत नसे आणि ॲप्ट, म्हणजे पॅकेजं उतरवून घेणारा डेबियनचा प्रोग्राम, हात वर करत असे. यावरचा उपाय विलक्षण साधा निघाला: प्रत्येक यादी तिच्याच मजकुरावरून काढलेल्या हॅशच्या, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणाऱ्या खुणेच्या, नावानेही ठेवायची. नवी आणि जुनी अशा दोन्ही याद्या शेजारी-शेजारी नांदतात, आणि ॲप्ट नेमकी हवी तीच मागतं. २०१६ पासून ॲप्टला ही पद्धत येते. सीडीएनचा वेग खरा उपयोगी पडला तो अशा बदलांमुळे.

फायली परक्या कंपनीच्या यंत्रांवरून येतात, त्याही बहुधा साध्या एचटीटीपीवरून, हे ऐकून काहींना धास्ती वाटते. इथे डेबियनची जुनी शिस्त कामी येते. मुख्य यादीवर डेबियनची डिजिटल सही असते. त्या यादीत इतर याद्यांचे हॅश असतात आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा. मोहोरबंद लखोटा कुणाच्या हातून आला याला महत्त्व नाही, मोहोर शाबूत आहे की नाही हे पाहायचं. सीडीएनने एक बाइट जरी बदलला तरी ॲप्ट ती फाइल नाकारतं.

ही तपासणी करणारा प्रोग्रामच चुकला तर? जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टमध्ये तसं छिद्र सापडलं. सर्व्हरने ‘फाइल तिकडे आहे’ असं सांगून वळवताना, वाटेत बसलेला हल्लेखोर त्या उत्तरात खोटे हॅश घुसवू शकत होता. डेबियनने लगेच दुरुस्ती दिली आणि ती उतरवून घेतानाच वळवणी बंद ठेवायचा सल्लाही दिला.

दुसरा धोका मक्तेदारीचा आहे, आणि तो हलक्यात घेऊ नये. ८ जून २०२१ रोजी एका ग्राहकाने आपल्या सेटिंगमध्ये साधा, वैध बदल केला. त्यामुळे फास्टलीच्या सॉफ्टवेअरमधली दडलेली चूक जागी झाली. कंपनीच्या ८५ टक्के जाळ्याने चुका परत पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन आणि ब्रिटिश सरकारची साइट काही काळ बंद पडली. ४९ मिनिटांत जाळं बहुतांशी सावरलं, तरी एका कंपनीवर किती काय टेकलेलं आहे, हे त्या सकाळी दिसलं.

म्हणूनच मिरर जिवंत राहिले पाहिजेत. डेबियनने १ नोव्हेंबर २०१७ पासून सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली. कॅशिंगची सोय नसणं हे त्याचं एक कारण होतं. मिररची यादी मात्र कायम ठेवली. इन्स्टॉलर मराठीतही चालतो आणि आजही देशानुसार मिरर निवडू देतो. सीडीएन रुसलं तर ॲप्टच्या सेटिंगमधला पत्ता बदलून एखाद्या विद्यापीठाच्या मिररचा टाकायचा. सही तीच असते, आणि तपासणीही तशीच होते.