उन्हाळ्याच्या पहाटे हॅलेची धूळ

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात युरोप-अमेरिकेतली हौशी मंडळी चटया-पांघरुणं घेऊन माळरानांवर रात्र काढतात. १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ययाती तारकासमूहाच्या दिशेनं होणारा उल्कावर्षाव हा त्यांच्या उन्हाळी सुट्टीतला सोहळा. महाराष्ट्रात तेव्हा ऐन पावसाळा असतो. घाटमाथ्यावर ढग टेकलेले असतात आणि कोकणात तर आठवडेच्या आठवडे एक चांदणी दिसत नाही. म्हणून तारा तुटताना पाहिल्याची मराठी माणसाची आठवण बहुधा एप्रिल-मेची असते. पाणी मारून गार केलेली गच्ची, अंगणात टाकलेली बाज, खळ्यावरचा किंवा आमराईतला राखणीचा मुक्काम, आणि झोप लागेपर्यंत वर उघडं आकाश.

त्या आकाशाची ओळख करून द्यायला पुस्तक लागत नसे. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि शेपटाकडचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर, ही गोष्ट कितीतरी घरांत सांगितली गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांवर जाऊन तिथलं आकाशज्ञान नोंदवलं, तेव्हा हीच खाट आणि हेच तीन चोर त्यांनाही भेटले. अंगणातली गोष्ट चालू असतानाच एखादी रेघ चमकून जाई आणि आजी म्हणे, कुणीतरी मोठं माणूस गेलं.

या समजुतीला जुना आधार आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त उल्कांसाठी स्वतंत्र अध्याय दिला आणि धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे त्यांचे पाच प्रकार केले. स्वर्गातलं पुण्यफळ भोगून झाल्यावर खाली येणाऱ्या जीवांचं हे रूप, असं तो सांगतो. युरोपातही दगड आकाशातून पडतात यावर विद्वानांचा फार काळ विश्वास नव्हता. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगड कोसळले, ज्याँ-बातिस्त बियो यांनी जागेवर जाऊन तपास केला, आणि मग शंका मावळली.

गच्चीवरून दिसणारी रेघ मात्र क्वचितच दगडाची असते. धूमकेतू सूर्याजवळून जाताना तापतो, त्यातलं बर्फ उडून जातं आणि अडकलेली धूळ मोकळी होते. ती त्याच्या वाटेवर पसरून राहते. पृथ्वी दरवर्षी ठरावीक तारखांना त्या वाटेजवळून जाते, तेव्हा हे कण हवेत शिरतात. बहुतेक कण वाळूच्या दाण्याएवढे असतात आणि जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर क्षणात संपतात. उंची एवढी असल्यामुळेच नाशिकवर तुटलेला तारा पुण्यातूनही दिसू शकतो. १७९८ मध्ये ब्रांडेस आणि बेंझेनबेर्ग या दोन जर्मन विद्यार्थ्यांनी लांबच्या दोन ठिकाणांहून एकच उल्का टिपून ही उंची पहिल्यांदा मोजली.

उन्हाळ्यात असे दोन वर्षाव येतात. पहिला २२ एप्रिलच्या आसपास, अभिजित ताऱ्याजवळून. त्याचा जनक थॅचर धूमकेतू सूर्याभोवती फिरायला सुमारे ४१५ वर्षं घेतो. चिनी नोंदींत हा वर्षाव इसवी सनापूर्वी ६८७ मध्ये सापडतो.

दुसरा आपला म्हणावा असा. ५-६ मेच्या सुमारास, कुंभ राशीतून, आणि ही धूळ हॅलेच्या धूमकेतूची. १९८६ मध्ये ज्यांनी दुर्बिणीतून हॅलेचा पुसट ठिपका पाहिला आणि निराश झाले, त्यांना हे आवर्जून सांगायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये हॅले सूर्यापासूनच्या सर्वांत दूरच्या टोकाला जाऊन परत फिरला आहे. तो २०६१ च्या जुलैत सूर्याजवळ येईल, पण त्याचे कण दर मे महिन्यात येतात. २०१३ मध्ये हा वर्षाव नेहमीपेक्षा दुपटीहून जोरात झाला. गणितं सांगतात की ते कण धूमकेतूपासून सुटले होते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या फेऱ्यांत. त्यांचा वेग सेकंदाला ६६ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर हे अंतर दहा-अकरा सेकंदांत. त्यामुळे रेघ गेल्यावरही तिचा धूसर माग आकाशात काही क्षण रेंगाळतो.

आणि इथे महाराष्ट्राचं नशीब चांगलं आहे. लंडनमध्ये कुंभ रास क्षितिजावर येते न येते तोच उजाडू लागतं. पुण्या-कोल्हापुरात ती रात्री दोनच्या सुमारास उगवते आणि पावणेपाचपर्यंत पूर्वेला चांगली वर येते. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला, तिच्या धावण्याच्या दिशेला असतो, म्हणून उल्काही जास्त भेटतात. चांगल्या अंधारात तासाला पंधरा-वीस मोजता येतात. बाहेर झोपणाऱ्यांना हे आपसूक लाभायचं. गारव्यानं पहाटे जाग यायची, गोधडी ओढून घेताना नजर वर जायची.

प्रत्येक जळती रेघ उल्का नसते, हेही विदर्भानं पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास जळत्या ठिपक्यांची माळ संथपणे आकाश ओलांडून गेली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे दहा फूट व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. आसपास धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. फरक ओळखणं सोपं आहे. खरी उल्का बहुधा सेकंदभरात संपते. रॉकेटचे तुकडे त्याहून कितीतरी हळू, एकामागोमाग आणि बराच वेळ जळत जातात.

आज अडचण अंधाराची आहे. गच्चीवर निजणं कमी झालं, आणि जे निजतात त्यांच्या डोक्यावर शेजारच्या इमारतीचा दिवा असतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पानं यावर काम करून दाखवलं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून फक्त वाटेवर उजेड पाडणारे बसवले. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ अशी मान्यता मिळाली. दिवे काढले नाहीत, गावं अंधारात ढकलली नाहीत. उजेडाचं तोंड तेवढं जमिनीकडे केलं.

शहरातल्या सोसायटीलाही हे जमण्यासारखं आहे. ५ आणि ६ मेच्या पहाटे तीन ते पाच गच्चीवरचा मोठा दिवा बंद ठेवावा. चटई टाकून पूर्वेकडे पाय करून उताणं पडावं. दुर्बीण नको, कारण उल्का कुठेही चमकू शकते आणि नजर मोकळी हवी. डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात, आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. मुलांना आदल्या रात्री लवकर निजवलं, तर तीनला उठवताना ती कुरकुरत नाहीत.