सगळ्यांत हळुवार, म्हणून सगळ्यांत वेगवान

स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्याशा गावात एका शेतकऱ्याच्या ट्रॉफ्यांचं संग्रहालय आहे. हो, शेतकऱ्याच्या! जिम क्लार्क घरची शेती बघायचा आणि गाडी अशी पळवायचा की 1963 आणि 1965 मध्ये तो फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. आपल्या शंकरपटातला धुरकरीही शेतकरीच असतो, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. 7 एप्रिल 1968 रोजी जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या शर्यतीत अपघात होऊन क्लार्क गेला, अवघ्या 32 व्या वर्षी. आईवडिलांनी त्याच्या ट्रॉफ्या गावाच्या स्वाधीन केल्या. 1969 मध्ये त्या ट्रॉफ्यांसाठी एक खोली उघडली आणि 2019 मध्ये नवं संग्रहालय उभं राहिलं.

72 शर्यती, 25 विजय. एवढा वेगवान माणूस गाडी पिटाळत असेल, नाही का? खरी गंमत पुढेच आहे. त्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजायचे!

हे कसं जमतं? टायर रस्त्याला टेकतो तो तळहाता-दोन तळहातांएवढ्या जागेत. गाडीची सगळी पकड तेवढ्यातच. तीच ब्रेकला लागते, तीच वळायला. ब्रेकनेच सगळी खाल्ली तर वळायला काय उरणार? पहिल्या सरीत वर्धा रोडवर वळता वळता करकचून ब्रेक दाबला की दुचाकीचं काय होतं, हे नागपूरकराला सांगायला नको. क्लार्क वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडत नसे, हळूहळू सैल करत जाई. त्यामुळे गाडीचा भार पुढच्या चाकांवर टिकून राही, ती रस्ता घट्ट धरत, आणि ब्रेकमधून मोकळी झालेली पकड थेंबाथेंबाने वळण्याच्या कामी येई. आणि हे सगळं पायाच्या अंदाजावर!

त्याची गाडीही तशीच अफाट. तोवर फॉर्म्युला वनच्या गाड्या लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बांधत. 1962 च्या लोटस 25 मध्ये लोटसचा कर्ताधर्ता कॉलिन चॅपमन याने तो सांगाडाच काढून टाकला आणि पातळ पत्र्याच्या पोकळ पेटीलाच गाडीचं अंग केलं. वजन घटलं, तरी गाडी पिळवटेना. आत जागा इतकी अरुंद की जवळजवळ आडवं होऊनच चालवायची.

आता 1963 ची बेल्जियममधली स्पाची शर्यत बघा. एक फेरी 14 किलोमीटरांची, म्हणजे झिरो माइलहून निघून जवळपास कामठी गाठायची. आठव्या जागेवरून सुटलेला क्लार्क पहिल्याच फेरीत सगळ्यांच्या पुढे! मग गिअर निसटायला लागला. पठ्ठ्याने एका हाताने लिव्हर दाबून धरला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग. वरून धो धो पाऊस. दुसरा आलेला ब्रूस मॅक्लारेन पोचला तो जवळजवळ पाच मिनिटांनी.

माझ्या मते मात्र त्याची सगळ्यांत थोर शर्यत तो हरलेली आहे. इटलीतलं मोंझा, 1967. टायर पंक्चर झाला आणि क्लार्क अख्खी एक फेरी मागे पडला. एवढं झाल्यावर कुणी शर्यतीत उरतो का? त्याने ती फेरी भरून काढली, एकेकाला गाठलं आणि पुन्हा आघाडी घेतली. शेवटच्या फेरीत इंधनच पुरेना. होंडातला जॉन सर्टीस जिंकला, क्लार्क तिसरा.