विमानतळाच्या टॉवरमधली नोकरी : अनुभव नको, पण वय २७ च्या आत हवं

भिवंडी : नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांमध्ये तिथल्या नोकरीची चर्चा आहे. लोडर, सिक्युरिटी, काउंटर यांची चौकशी सगळे करतात. टॉवरमधल्या नोकरीबद्दल कुणी विचारत नाही, आणि कळतं तोवर अनेकांचं वय निघून गेलेलं असतं.

हे काम हवाई वाहतूक नियंत्रकाचं, म्हणजे एटीसीचं. विमान कधी उतरवायचं, कधी उडवायचं, दोन विमानांत अंतर किती ठेवायचं, हे तो वैमानिकाला रेडिओवरून सांगतो. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावरून दिवसाला ९०० च्या वर विमानं ये-जा करतात. चुकीला जागाच नाही.

भरती कोण करतं?

विमानतळ खासगी कंपनीकडे असला तरी मुंबई आणि नवी मुंबईचे नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्थेचे असतात. भरती जाहिरात काढून, ऑनलाइन परीक्षेने होते. २०२५ मध्ये ३०९ जागा निघाल्या होत्या. त्यामुळे 'टॉवरमध्ये लावतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ पोलीस स्टेशन गाठा.

अटी काय?

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी. बी.ए., बी.कॉम. चालत नाही. वय जास्तीत जास्त २७. ओबीसींना (नॉन-क्रिमीलेअर) ३ वर्षं, एससी-एसटींना ५ वर्षं सवलत. अनुभवाची अट नाही. मूळ वेतनश्रेणी ४० हजारांपासून सुरू होते. परीक्षेनंतर आवाजाची, मानसिक आणि वैद्यकीय चाचणी असते. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात होतं.

वयाची अट का?

शिकून, सरावून स्वतंत्रपणे माइक हातात यायला बराच काळ जातो. शिवाय अनेक विमानं एकाच वेळी डोक्यात ठेवायची असतात. अमेरिकेत तर ३१ च्या आत भरती आणि ५६ ला सक्तीची निवृत्ती. आपल्याकडे ६० पर्यंत नोकरी आहे.

आणि त्रास?

पाळ्या फिरत्या, सणवार नाही. लूमवर रात्रपाळी करणाऱ्यांना जागरण काय ते सांगायला नको. म्हणूनच सलग दोन तास काम झालं की अर्धा तास विश्रांती, असा डीजीसीएचा नियम आहे. पण माणसं कमी असतील तर नियम पाळायचा कसा? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या समितीनेही नियंत्रकांची कमतरता आणि थकवा यांवर चिंता व्यक्त केली.

भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या मुलामुलींनी एवढंच लक्षात ठेवावं : या नोकरीचा निर्णय पदवीनंतर नाही, बारावीनंतर विषय निवडतानाच होतो. गणित सोडलं की हा रस्ता बंद.