जोडी नको, थवा हवा

टाकीवरचा दिवा सकाळी लावला की निऑन टेट्रा आधी ओळखूच येत नाही. रात्रभरात अंगावरची निळी पट्टी करडी-जांभळट झालेली असते. मग बघता बघता ती उजळते. हा निळा रंग पट्टीतल्या पेशींमधल्या बारीक स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या या माशाला शास्त्रीय नाव मिळालं १९३६ साली. दुकानात मिळतो तो बहुतेक आग्नेय आशियातल्या शेततळ्यांत वाढलेला.

दुकानदार जोडीचा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक जोडीच घेऊन जातं. दोनच निऑन घरी आणा, ते झाडाच्या बुंध्याशी दबून बसतात, नीट खात नाहीत. आठ-दहा ठेवा, तेच मासे मोकळ्या पाण्यात येतात. दार आपटलं की सगळे एकदम आवळून येतात आणि एकाच अंगाने वळतात. शेजाऱ्याची हालचाल डोळ्यांना दिसते, तशी कुशीवरच्या संवेदनरेषेलाही कळते. हा मासा थव्याच्या भरवशावर जगतो. त्याला एकटं ठेवणं मला क्रूर वाटतं.

दहा निऑनना दोन फुटी टाकी, म्हणजे साधारण पन्नास लिटर पाणी, पुरतं. अडचण येते ती पाण्याचीच. खारघरच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते मारणारे थेंब घातल्याशिवाय पाणी टाकीत ओतू नये. नवी टाकी तर महिनाभर चालवूनच मासे आणावेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला तेवढे दिवस लागतात. म्हणून स्पंज कधीच नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

निऑनला बावीस ते सव्वीस अंश मानवतात. मे महिन्यात बंद फ्लॅटमधलं पाणी तिशी ओलांडतं. झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा सोडला की पारा दोनेक अंशांनी उतरतो. दमट दिवशी तेवढाही नाही. त्या दिवसांत दाणे कमी घालावेत, हवेचा पंप मात्र बंद करू नये.

पाच जातींच्या पाच जोड्या घेण्याचा मोह होईल. तो टाळा, एकाच जातीचे दहा घ्या. आणि हौस फिटली तर मासे तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. दुकानात परत द्या.