ब्लॉक जोडून प्रोग्रामिंग: स्क्रॅच म्हणजे नुसता खेळ आहे का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटल्यावर ओळखीचे पालक हमखास विचारतात, "मुलगी स्क्रॅचमध्ये नुसते रंगीत ठोकळे जोडत बसते. त्यापेक्षा थेट पायथन शिकवलं तर?" उत्तर देण्याआधी हे ठोकळे नेमकं काय काम करतात ते पाहू.

स्क्रॅच म्हणजे काय?

अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने स्क्रॅच तयार केलं आणि २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. ते मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. इथे कोड टाइप करायचा नसतो. आज्ञांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, ओढून एकमेकांत अडकवायचे असतात.

आकार हेच व्याकरण

पायथनमध्ये एक कोलन राहिला तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. स्क्रॅचमध्ये अशी चूक करताच येत नाही. 'इफ' ब्लॉकमधली खाच षटकोनी असते. तिथे 'खरं की खोटं' असं उत्तर देणारा षटकोनी ब्लॉकच बसतो. संख्या देणारा गोलसर ब्लॉक बसत नाही. 'फॉरेव्हर' ब्लॉकची खालची बाजू सपाट असते, तिच्याखाली काही जोडता येत नाही. कारण उघड आहे: कायम फिरणाऱ्या लूपनंतरची आज्ञा कधी चालणारच नाही.

मग चुका होतात कुठे?

समजा चौरस काढायचा आहे. पेन खाली टेकवा, 'रिपीट ४' घ्या, त्यात '१०० पावलं चाल' आणि '९० अंश वळ' टाका. झालं. आता त्रिकोण काढायला सांगा. बरीच मुलं ३ वेळा ६० अंश वळवतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे भूमितीत शिकलेलं असतं. पडद्यावर मात्र अर्धा षटकोन उमटतो. एररचा मेसेज येत नाही, सगळे ब्लॉक नीट बसलेले असतात, चुकलेला असतो तो विचार. वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, म्हणजे ३६० भागिले ३, १२० अंश.

नोकरीत माझा जास्त वेळ याच जातीच्या चुका शोधण्यात जातो. विसरलेला कोलन कॉम्प्युटर लगेच दाखवतो. चुकीचा कोन आपल्यालाच शोधावा लागतो. ब्लॉकमुळे पहिली कटकट संपते आणि मूल थेट या दुसऱ्या कामाला लागतं.

पायथनकडे कधी वळायचं?

स्क्रॅचला मर्यादा आहेतच. स्वतः बनवलेला ब्लॉक उत्तर परत देऊ शकत नाही, आणि प्रोग्रॅम मोठा झाला की ब्लॉकच्या ढिगात हवं ते सापडत नाही. मूल या अडचणींची तक्रार करू लागलं की वेळ झाली असं समजा. पायथनमध्ये 'टर्टल' नावाचं मोड्यूल आहे. त्यात हाच चौरस पुन्हा काढायला द्या. 'रिपीट' च्या जागी 'फॉर' येईल. कोलन आणि ओळीआधीची मोकळी जागा एवढंच नवीन असेल, कोनाचं गणित आधीच पक्कं झालेलं असेल.

तोवर घरी एक सोपी परीक्षा घ्या. पंचकोन काढायला सांगा. आकडे बदलून बघत बघत ७२ सापडलं तर अजून थोडे दिवस ब्लॉकवरच राहू द्या. ३६० ला ५ ने भागलं आणि का भागलं तेही सांगता आलं, तर खुशाल पायथन सुरू करा.