शेंद्र्याच्या छपरावर किती ऊन पडते?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालात की थोड्याच वेळात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका कारखान्याच्या सपाट छपरावर सौर पॅनेल बसवायची आहेत, असे समजा. किती बसवावीत? त्यासाठी छपराच्या दर चौरस मीटरवर दिवसभरात किती ऊर्जा पडते, ते आधी कळले पाहिजे. ती मोजणारे उपकरण काही गावोगावी नसते. मग गणित करावे लागते.

गणिताचा पहिला भाग पक्का आहे. वातावरणाबाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे १३६१ ज्यूल ऊर्जा पडते. शेंद्र्याचे अक्षांश जवळजवळ २० अंश उत्तर. म्हणून २० मे आणि २४ जुलैच्या सुमारास, असा वर्षातून दोनदा, सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो. दोन्ही वेळी दिवस १३ तासांचा. वातावरण नसते तर दिवसभरात किती ऊर्जा पडली असती, ते त्रिकोणमितीने काढले तर मे महिन्यात १०.९ आणि जुलैत १०.८ युनिट येते. (युनिट म्हणजे विजेच्या बिलातलाच, एक किलोवॅट-तास.) २१ डिसेंबरला सूर्य तिरपा आणि दिवस १०.८ तासांचा, म्हणून फक्त ७.१ युनिट.

तर मग डिसेंबरपेक्षा जुलै बरा? वर्गात विचारले की निम्मे हात वर होतात. ढगांची आठवणच कुणाला राहत नाही!

ढगांचा हिशेब करण्याची युक्ती स्वीडनच्या अँडर्स अँगस्ट्रॉम यांनी १९२४ साली सुचवली. (अँगस्ट्रॉम हे एकक यांच्या आजोबांच्या नावाचे.) १९४० मध्ये प्रेस्कॉट यांनी तिला आजचे रूप दिले. वेधशाळेत काचेचा एक भरीव गोळा असतो. त्यातून एकवटलेले ऊन मागच्या पट्टीवर जळका माग उमटवते. ढग आला की माग तुटतो. मागाच्या लांबीवरून लख्ख उन्हाचे तास कळतात. त्यांना दिवसाच्या तासांनी भागा, भागाकाराला ०.५० ने गुणा, त्यात ०.२५ मिळवा आणि आलेल्या संख्येने वातावरणाबाहेरच्या ऊर्जेला गुणा. झाले! ते ०.२५ कशासाठी? आभाळ पूर्ण झाकलेले असले तरी विखुरलेला प्रकाश खाली पोचतोच, म्हणून.

आता समजा, मे महिन्यात लख्ख ऊन १० तास, जुलैत ३ आणि डिसेंबरात ९ तास पडले. उत्तरे अनुक्रमे ६.९, ३.९ आणि ४.७ युनिट येतात. डोक्यावरच्या सूर्याला तिरप्या सूर्याने हरवले! केवळ मे महिन्याकडे पाहून पॅनेल मोजणाऱ्या मालकाला पावसाळ्यात जवळजवळ निम्म्याच विजेवर भागवावे लागेल.

आज हाच हिशेब संगणक वर्षाच्या प्रत्येक तासासाठी क्षणात करतो. पण ढग त्याला आपण सांगावे लागतात, हल्ली बहुधा उपग्रहाच्या चित्रांवरून. शिवाय ०.२५ आणि ०.५० हे आकडे सगळीकडे तेच नसतात. ते ठरवायला कुठेतरी प्रत्यक्ष मोजमाप हवेच. भारतात हे काम हवामान खात्याच्या अण्णा मणी यांनी उभारले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, म्हणजे १९५७-५८ साली, त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणले आणि १९८० मध्ये त्या मोजमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

एक अडचण मात्र राहतेच. उन्हाळ्यात हवेत बारीक धूळ तरंगत असते. गोळ्याखालची पट्टी तेव्हाही अखंड जळते, सूत्राला वाटते आभाळ स्वच्छ आहे, आणि छपरावर ऊर्जा मात्र कमी पडलेली असते.